मोगलाईच्या वाटेवरील शुभवर्तमान

सोलापुराहून हैदराबादेकडे निघालेला हमरस्ता नळदुर्गाचा किल्ला मागे टाकून ज्या काळ्या जमिनीच्या मुलखात शिरतो, त्या मुलखात, तुळजापूर तालुक्यात, जळकोट हे गाव आहे. एका अंगाला तुळजाभवानीचे पीठ, दुसऱ्या अंगाला नळदुर्ग आणि अणदूर या दोन ठिकाणी आळीपाळीने वास करणारा खंडोबा, दक्षिणेस कानडी बोलीची सरहद्द आणि पलीकडे स्वामी समर्थांचे अक्कलकोट, अशा चतुःसीमेत वाढलेल्या माणसाच्या कानावर गोंधळ्याचे संबळ, वाघ्या-मुरळीचे जागरण, वारकऱ्याचे भजन आणि दर्ग्यातील उरुसाची कव्वाली लहानपणापासून पडत आलेली असते. पाप, पुण्य, प्रारब्ध आणि मोक्ष ही नावे बाहेरून कोणी येऊन शिकवावीत अशी गरज या मुलखाला कधीच नव्हती. मग क्रुसावर देह ठेवलेल्या येशूच्या द्वारे मनुष्याचा उद्धार होतो हे सांगावयास जो उपदेशक महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हिंडला, त्याने ते कोणत्या रीतीने सांगितले, आणि ऐकणाऱ्याने त्यातले काय उचलले व काय सोडले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने विचार करण्याजोगा ठरतो.

प्रथम राजकीय परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी तुंबत गेली, म्हणून १८५३ च्या तहनाम्याने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारकडे लावून दिला. नळदुर्ग हे त्या वेळचे जिल्ह्याचे ठाणे, आणि तेथला कारभार पाहावयास आला तो फिलिप मेडोज टेलर, ज्याचे ठगांवरील कादंबरीमुळे विलायतेत आधीच नाव झालेले होते. त्याने जमिनीची पाहणी, जमाबंदी, रस्ते आणि तलाव यांत मन घातले. त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गाचा संसार विस्ताराने आलेला आहे, परंतु तो संसार अंमलदाराचा, धर्मोपदेशकाचा नव्हे. पुढे १८६० च्या तहाने हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला आणि सोलापूरकरांच्या बोलीत तो पूर्वीप्रमाणे ‘मोगलाई’ झाला. त्याच साली आगगाडी सोलापुरास पोचली, आणि नंतर लवकरच अमेरिकन मराठी मिशनने तेथे आपले ठाणे मांडले. सरहद्दीच्या अलीकडे इंग्रजी अंमल, आगगाडी, छापखाना आणि मिशनची शाळा, तर पलीकडे निजामाचे दप्तर, फारसी-उर्दूचा दरबार आणि जहागिरींचा मुलूख, असा तो भेद होता. सात वर्षांचा इंग्रजी अंमल आणखी टिकता तर जळकोटच्या बाजूची हकीकत निराळी झाली असती असे मला वाटते. पण तसे झाले नाही, आणि म्हणून या विषयाचा मुख्य भाग या मुलखाच्या चोहोबाजूंस, म्हणजे गोमंतकात, मुंबईत, अहमदनगरात आणि जालन्यास शोधावा लागतो.

जो संदेश सांगावयाचा होता त्याचे सार थोडक्यात असे: मनुष्य पापी आहे, आपल्या पुण्याने, व्रताने वा दानाने त्याला ते पाप धुता येत नाही, देवाने आपल्या पुत्राला मनुष्यरूपाने पाठविले, त्याने सर्वांच्या पापाचा भार स्वतःवर घेऊन मरण सोसले आणि तो तिसऱ्या दिवशी उठला, जो त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचे तारण केवळ कृपेने होते. यात अडखळण्याची ठिकाणे उघड होती. ज्याचे कर्म त्याने भोगावे हा ज्या समाजाच्या विचाराचा पाया, त्याला एकाचे पाप दुसऱ्याने भोगल्याने फिटते हे न्यायाला सोडून आहे असे वाटणे स्वाभाविक होते. अनेक अवतार मानणाऱ्याला एकच अवतार, तोही एकदाच आणि दूरदेशी, ही गोष्ट अपुरी वाटे. आणि पुनर्जन्म मानणाऱ्याला एका जन्मात सारा निकाल लागतो ही घाई वाटे. उलट देवाच्या कृपेवाचून जीव तरत नाही, साधनाचा अहंकार व्यर्थ आहे, पतिताला पावन करणारा तोच एक, हे तर वारकऱ्याला घरचेच बोलणे होते. अडचण आणि ओळख अशी एकाच ठिकाणी नांदत असल्यामुळे उपदेशकाने कोणत्या दाराने आत शिरावे यावर पुष्कळ अवलंबून होते.

हे सर्वांत आधी ज्याने ओळखले तो टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. १५७९ साली तो गोव्यास आला आणि आयुष्याची चाळीस वर्षे त्याने त्याच भूमीत घालविली. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली, पण पुराण ऐकण्याची त्यांची भूक काही गेली नाही. तेव्हा त्यांच्यासाठी त्याने ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतचा सारा वृत्तान्त त्यात एकनाथी वळणाच्या ओवीत येतो, आणि मराठी भाषेचे त्याने केलेले स्तवन तर ज्यांनी मूळ ग्रंथ उघडूनही पाहिलेला नसतो त्यांना ठाऊक असते. ज्या गोव्यात १५६० पासून धर्मन्यायासनाची दहशत होती त्याच गोव्यात हा मृदू ग्रंथ निर्माण व्हावा, ही इतिहासाची विसंगती लपविण्यात अर्थ नाही. देवळे पाडणाऱ्या सत्तेच्या छायेत बसून एका परक्या माणसाने ओवीचा आश्रय केला. त्या सत्तेची कृत्ये आज कोणी अभिमानाने सांगत नाही, ओवी मात्र टिकली.

मुंबईत दोनशे वर्षांनी जो प्रकार सुरू झाला तो अगदी निराळा होता. १८१३ साली कंपनीच्या सनदेची मुदत वाढवून देताना मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, आणि त्याच वर्षी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन गृहस्थ मुंबईस उतरले. बंगाल्यात श्रीरामपुरास विल्यम केरीने नागपूरच्या वैजनाथ पंडिताच्या साह्याने मराठी व्याकरण १८०५ मध्येच छापले होते. आता शाळा, छापखाना, बाजारातील प्रवचन आणि लहान पुस्तके या चार हत्यारांनी काम होऊ लागले. १८२९ मध्ये आलेल्या स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने यात पाचवे हत्यार आणले, ते जाहीर वादविवादाचे. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांशी त्याचा सामना झाला आणि दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकाठी मिशनऱ्यांशी दर आठवड्यास जी चर्चा केली तिला शेकड्यांनी श्रोते लोटत, आणि जॉर्ज बोवेन या पाद्र्याने तिचा वृत्तान्त इंग्रजीत प्रसिद्ध केला. या वादांची चर्चा आपल्याकडे आजही चवीने होते. परंतु या खंडनमंडनाने माणसे ख्रिस्ती झाली असे म्हणण्यास आधार फार थोडा. वादात हरलेला मनुष्य आपला देव सोडत नाही, फार तर पुढच्या खेपेस अधिक तयारीने येतो. या विवादांनी जे खरोखर घडविले ते मराठी गद्य: प्रश्न नेमका मांडणे, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी सांगून मग उत्तर देणे, छापील कागदावर भांडणे, ही शिस्त आपल्या भाषेला त्या समुद्रकाठच्या संध्याकाळी बऱ्याच अंशी लागली, आणि ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी त्याच वर्षी, १८५७ मध्ये, निघाली हाही केवळ योगायोग समजू नये.

मराठवाड्याचा खरा धागा नारायण शेषाद्री या गृहस्थाच्या चरित्रात सापडतो. १८४३ साली मुंबईत या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्याच मिशनमध्ये राहत होता. तो अल्पवयी, म्हणून बापाने कोर्टात दाद मागितली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. पाद्र्यांच्या पंक्तीस बसलेला मुलगा आता शुद्ध होतो की नाही यावर जे रण माजले त्यात बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. एका घरात दोन भाऊ, एक ख्रिस्ती मंडळीत आणि दुसरा प्रायश्चित्त घेऊन जातीत, यावरून तारणाचा हा संदेश मराठी संसारात कोठे जाऊन लागत होता ते कळते: जीवात्म्याचे काय होईल या प्रश्नाच्या आधी पंक्तीचे काय होईल हा प्रश्न उभा राही.

हे नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यात जालन्यास गेले आणि तेथे त्यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे काम उभारले. दिवाण सालारजंगांच्या दरबारातून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसविले, ज्यात महार-मांग समाजांतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे शेती व कारागिरी करून राहू शकतील. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या जागतिक प्रॉटेस्टंट परिषदेस ते आपल्या पागोट्यानिशी हजर राहिले. मुसलमान राजाचा दिवाण, ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती पाद्री आणि गावकुसाबाहेरची रयत, हे तिघे एका जमिनीच्या तुकड्यावर एकत्र यावेत, असा प्रसंग मोगलाईतच घडू शकत होता असे म्हणावेसे वाटते. सरहद्दीच्या अलीकडच्या इंग्रज कलेक्टराने असल्या भानगडीत सहसा हात घातला नसता.

येथे पोटाचा प्रश्न टाळता येत नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ यांत सोलापूर, नगर आणि मराठवाडा होरपळून निघाले. मिशनच्या अनाथालयांत मुले आली, कामावर माणसे आली, आणि ख्रिस्ती मंडळींची संख्या वाढली. ‘पोटासाठी बाटला’ हा शब्दप्रयोग आपल्या बोलीत रुळला. तो अगदीच निराधार नाही, पण तो उच्चारणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, देवळाची पायरी ज्याला बंद होती, मेलेले जनावर ओढण्यावाचून ज्याला हक्काचा धंदा नव्हता, त्याला देव तुझ्यासाठी मेला हे सांगणारा मनुष्य जेव्हा त्याच्या अंगणात बसून पाणी प्याला, तेव्हा त्या पाण्याच्या घोटाने प्रायश्चित्त, मुक्ती आणि कृपा यांवरील साऱ्या प्रवचनांहून अधिक समजावून दिले असले पाहिजे. भाकरीचा लोभ आणि मानाची तहान या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

अंगणात बसलेल्याला सांगावयाचे कसे, याचे उत्तर अहमदनगरास सापडले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्र तेथेच सुरू झाले होते, शाळा चालत होत्या. पण १८६० नंतरच्या वर्षांत कृष्णा रत्नाजी सांगळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी कीर्तन हाती घेतले. पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान हा नारदीय साचा तसाच ठेवून, हरिश्चंद्राच्या जागी उधळ्या पुत्राची कथा किंवा वधस्तंभाचे चरित्र लावावयाचे. साकी, दिंडी, आर्या, अभंग ही वृत्ते आपलीच, टाळ-मृदंग आपलेच. बाजारातील प्रवचनकाराला हुसकावून लावणारा गावकरी कीर्तनाला मात्र घोंगडी टाकून बसे, कारण कीर्तनात वाद घालावयाचा नसतो, ऐकावयाचे असते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते.

या कीर्तनाला खरी काव्यवाणी मिळाली ती नारायण वामन टिळकांची. नागपुराकडून राजनांदगावास जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने दिलेला नवा करार वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने ते वेधले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते सांगत, आणि त्यांच्या भजनांत येशू हा विलायती राजा न राहता गुरुमाउली होतो. मिशनचा पगार घेऊन ख्रिस्त सांगणे त्यांना पुढे सलू लागले, म्हणून १९१७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, साताऱ्यास संन्यस्त वृत्ती पत्करली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही दार उघडे ठेवणारा ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. स्वतः लक्ष्मीबाई पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे दूर राहिल्या आणि १९०० साली ख्रिस्ती झाल्या. त्यांच्यापुढे कोणी तारणाचे प्रमेय मांडून त्यांना जिंकले नाही. सोवळ्याची एकेक गाठ त्यांच्या हाताने कशी सुटत गेली हे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना दिसते, आणि अख्रिस्ती वाचकाला ख्रिस्ती श्रद्धा आतून कशी दिसते हे त्या पुस्तकाने जितके समजावून दिले तितके मिशनच्या सर्व पुस्तिकांनी मिळून दिले नसेल.

ऐकून वेगळेच घेणारेही होते. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पाद्र्यांचा स्नेह त्यांनी जन्मभर राखला, परंतु ते ख्रिस्ती झाले नाहीत; एक निर्मीक आणि त्याची सारखी लेकरे एवढे घेऊन त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म उभा केला. १८६७ मध्ये मुंबईस निघालेल्या प्रार्थना समाजाने उपासनेचा घाट काही अंशी चर्चचा घेतला आणि त्यात अभंग तुकोबांचे भरले. देवघेव उलट दिशेनेही झाली. ज्या अमेरिकन मिशनने या भक्तीच्या जागी दुसरी भक्ती रुजविण्याचा संकल्प करून मुंबईत पाऊल टाकले, त्याच मिशनच्या जस्टिन ॲबट या पाद्र्याने उतारवयात महिपतीची संतचरित्रे आणि बहिणाबाईंची गाथा इंग्रजीत आणली. आणि मराठवाड्याच्या अंबाजोगाईचे दासोपंतही त्याच्याच ग्रंथमालेत विलायती वाचकापुढे गेले. शंभर वर्षांत कोण कोणाला समजावून देत होते, याचा हिशेब एका खात्यात मांडता येत नाही.

१९४८ मध्ये मोगलाई संपली, १९६० मध्ये हा सारा मुलूख महाराष्ट्रात आला आणि १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या नागपुरास एकत्र येऊन एक झाल्या. मिशनचे कागद दूरच्या संग्रहांत गेले. परक्या पाद्र्यांचे अहवाल तेथे नीट जपलेले आहेत. देशी उपदेशकांची कीर्तनाची बाडे, पाठ केलेली आख्याने आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या मात्र खेड्यातल्या घरांत व लहान देवळांत राहिल्या असल्या तर राहिल्या. धाराशिव, सोलापूर आणि लातूर जिल्ह्यांच्या इतिहासाचे काम करणाऱ्यांनी किल्ले व ताम्रपट यांच्या जोडीने या बाडांचाही शोध घ्यावा, आणि मिळतील तेथे ती नकलून घ्यावीत.