आगाखानाचं बक्षीस आणि उधार प्लग

परवा दुपारी चांदवडच्या डोंगराच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि घरात एकच धावपळ. उन्हाळ कांदा काढून शेतात पोळ घालून ठेवलेला. ताडपत्र्या, दगड, आरडाओरडा... अर्ध्या तासात वारा फिरला, चार थेंब पडले आणि लख्ख ऊन. देवळ्याला मे महिन्यात हे नवीन नाही. पण ताडपत्री धरून उभा असताना ओझरकडून एक विमान गडगडत गेलं आणि मला १९३० सालचा मे महिना आठवला. (म्हणजे वाचलेला. तेवढा म्हातारा नाही मी!)

तर झालं असं. १९२९ च्या अखेरीस आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, ठराविक मुदतीत, एकट्याने विमान चालवत जो भारतीय पहिला जाईल त्याला ५०० पौंड. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून सुटायचं अशी ही शर्यत नव्हती. कोणी क्रॉयडनहून निघणार, कोणी कराचीहून. समोरचा कुठवर आलाय हे कळायला मार्ग नाही. मला तर ही नेहमीच्या शर्यतीपेक्षा भयंकर वाटते.

तीन नावं पुढे आली. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. जेआरडी पंचविशीतले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता, भारतात दिलेला पहिला. अस्पी अवघा १७ वर्षांचा. आमच्याकडे त्या वयाच्या पोराला मोटारसायकलवर मालेगावला एकटं पाठवताना आई दहा वेळा विचार करते. आणि हा पोरगा त्याच वर्षी मार्चमध्ये आर. एन. चावलांबरोबर कराची ते इंग्लंड उडून आला होता. ते दोघे निघाले ३ मार्चला. त्याच्या आदल्याच दिवशी, २ मार्चला, आमच्या नाशकात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. एकीकडे दोन भारतीय समुद्र ओलांडायच्या तयारीत, दुसरीकडे हजारो माणसं देवळाचा उंबरठा ओलांडू द्या म्हणून उभी. या दोन तारखा शेजारी ठेवून बघितल्या की मला नेहमी कसंसंच होतं.

विमान म्हणजे जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, वरून कापड, दोन मजली पंख, शंभरेक अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन. डोक्यावर छत नाही, रेडिओ नाही. वेग ताशी १३०-१३५ किलोमीटर. हवामानाचा अंदाज म्हणजे निघताना जे कळेल तेवढंच. पुढचं डोळ्यांनी बघायचं.

वारा काय करतो याचा मी जरा हिशोब मांडला. देवळ्याहून जुहू सरळ रेषेत साधारण २०० किलोमीटर, नैऋत्येला. मॉथला दीड तास. वायव्येकडून ताशी ३० किलोमीटरचा वारा आडवा लागला आणि वैमानिकाने होकायंत्र बघत नाक तस्सं जुहूकडेच धरलं, तर दीड तासाने तो ४५ किलोमीटर बाजूला असेल. म्हणजे जुहूच्या वाळूऐवजी पनवेल-पेणच्या आसपास! वाचायचं तर नाक तेरा अंश वाऱ्याकडे वळवून उडायचं. पण वारा किती, हे सांगणार कोण? खाली धूळ कुठे उडते, धूर कुठे वाकतो, ते बघायचं. आपल्याकडे निदान धोडप दिसला की कळतं कुठे आहोत. इराकच्या वाळवंटात कसला धोडप?

जेआरडी ३ मेला कराचीहून निघाले. इराणी आखातात आणि इराकात या दिवसांत वायव्येचा वारा वाहतो, धूळ घेऊन. त्याला तिथे शमाल म्हणतात. पश्चिमेला जाणाऱ्याच्या तो तोंडावर, आपल्याकडे येणाऱ्याच्या पाठीवर. जेआरडींनी कराचीहून निघणं पसंत केलं तिथेच थोडं गणित चुकलं असावं, असं माझं मत. जाणकारांनी सांगावं.

इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकिरच्या विमानतळावर ते उतरले, तर समोर अस्पी. उलट दिशेने आलेला आणि अडकलेला. इंजिनाचा स्पार्क प्लग गेला होता आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडींकडे होते. त्यांनी दिले. बदल्यात अस्पीने त्यांना आपलं तरंगणारं जॅकेट दिलं. त्याचा समुद्र मागे पडला होता, जेआरडींचा भूमध्य अजून पुढे होता. मग दोघेही आपापल्या दिशेने उडाले.

११ मेला अस्पी कराचीला उतरला. तेव्हा जेआरडी पॅरिसपर्यंत पोचले होते. मनमोहन सिंग खरं तर अस्पीच्या आधी पोचले होते, पण मुदतीच्या नियमात बसले नाहीत. बक्षीस अस्पीला.

प्लग दिला नसता तर? हा प्रश्न मला बरेच दिवस छळायचा. पण दुसऱ्या कोणी तरी, उद्या-परवा, प्लग दिलाच असता. तो विमानतळ होता, वाळवंट नव्हे. म्हणजे जेआरडींनी दिलं ते एखाद-दोन दिवसांचं अंतर. आणि शर्यत तर तेवढ्यावरच ठरली.

पुढे अस्पी हवाई दलात गेला आणि १९६० ते १९६४ हवाई दलप्रमुख होता. (होते म्हणायला हवं, पण १७ वर्षांच्या पोराला अहो-जाहो करवत नाही.) मनमोहन सिंग युद्धात विमान चालवत होते. ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपान्यांनी हल्ला केला, त्यात गेले. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, मग सगळा संसार उचलून पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर.

असो. पश्चिमेला पुन्हा काळं दिसतंय. ताडपत्रीचे दगड बघून येतो.