दगडाची जागा: समुद्रात जाणारी थडगी आणि विदर्भातली शिलावर्तुळं

ज्यांना लोकलच्या गर्दीत एपिसोड नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार.

आज सुरुवात एका कबुलीनं. सातवीत असताना चिंचणीच्या किनाऱ्यावर मला खापराचा एक तुकडा सापडला. लालसर, कडेला बोटानं ओढल्यासारखी रेघ. खिशात टाकला आणि बोईसरला घरी आणला. आईच्या शोकेसमध्ये तो अजून आहे. पण तो वाळूत पडला होता की भरतीनं कापलेल्या मातीच्या कडेत रुतला होता, शेजारी काय होतं, यातलं मला काहीच आठवत नाही.

आता चिंचणी म्हणजे ऐरंगैरं गाव नाही. तिथे राष्ट्रकूट राजा इंद्र तिसऱ्याच्या काळातला, इ.स. ९२६ चा ताम्रपट सापडलाय. माझा तुकडा त्या काळातला असेल किंवा कुणाच्या आजीच्या माठाचाही असेल. तज्ज्ञ कदाचित त्याचं वय सांगतील. पण तो तिथे कसा आला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. ती माहिती मी खिशात टाकताना पुसून टाकली.

आपल्याकडे समुद्र जमीन खातो, हे पालघरवाल्यांना सांगायला नको. केळवे, शिरगाव, सातपाटीला पावसाळी उधाणात सुरूची झाडं मुळासकट आडवी होतात. मग धूपप्रतिबंधक बंधारा मागितला जातो, आणि योग्यच आहे. घरात पाणी शिरलं की दिसतं. जमिनीच्या पोटातलं काही वाहून गेलं तर मात्र कुणाला पत्ताच लागत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. त्यातल्या राउझी बेटावर, अगदी पाण्याच्या कडेला, स्वान्ड्रो नावाची जागा आहे. तिथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी दालनांचं थडगं आहे आणि त्याच्या भोवती नंतरच्या काळातली वस्ती. लाटा ते सगळं पोखरतायत. ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी २०१० पासून उन्हाळ्या-उन्हाळ्यात तिथे उत्खनन केलं. समुद्र पोचायच्या आत एकेक थर मोजायचा, काढायचा, लिहून ठेवायचा. माझ्या भाषेत सांगायचं तर उत्खनन म्हणजे एकदाच वाचता येणारी फाईल. वाचता वाचता ती डिलीट होते. नोंद नीट केली नाही तर हातात राहतात फक्त दगड.

तुम्ही म्हणाल, स्कॉटलंडचं आपल्याला काय? तर थडग्यांची अशीच एक फाईल आपल्या राज्यातही आहे. फक्त ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नागपूरच्या आसपास आहे.

काटोल रोडनं नागपूरबाहेर पडलं की जुनापाणी लागतं. तिथे सुमारे ३०० शिलावर्तुळं नोंदली गेली आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, आत लहान दगडांची आणि मातीची भर. ही इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातल्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांचा शोध घेतला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे शास्त्रीय उत्खनन केलं. जवळच माहुरझरीला शां. भा. देव यांनी १९७० ते ७२ दरम्यान खोदलं, तेव्हा माणसांसोबत पुरलेले घोडे सापडले, तांब्याच्या साजासकट. विचार करा, मेलेल्या माणसासोबत सजवलेला घोडा पुरणारे लोक! नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली.

आता गंमत बघा. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी मोजमाप केलं, तेव्हा असे दगड वर्तुळात ठरावीक दिशांनाच आहेत असं दिसलं. त्या दिशांचा आकाशाशी संबंध असावा, हा त्यांचा अंदाज. अंदाज बरोबर की चूक यावर वाद घालता येतो. पण वाद घालायलासुद्धा धोंडा मूळ जागी लागतो. तो दहा फूट सरकवला की प्रश्नच संपला.

आणि इथे धोंडे सरकवायला लाटेची गरज नाही. शेत सपाट करताना, रस्त्याला खडी हवी म्हणून, प्लॉट पाडताना ते उचलले जातात. उचलणाऱ्याला दोष तरी काय द्यायचा? त्याला ते शेतातले अडचणीचे दगड वाटतात. किल्ला पाडला तर बातमी होते. वर्तुळातले चार धोंडे कमी झाले तर कोण मोजतंय? संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, हा कायदा चांगलाच आहे. पण जी वर्तुळं संरक्षित यादीत नाहीत, त्यांना त्याचा काय उपयोग?

समुद्र काय, जेसीबी काय, दगड नष्ट होत नाही. तो कुठेतरी असतोच, कुणाच्या पायात, कुणाच्या बांधात, माझ्या आईच्या शोकेसमध्ये. जाते ती त्याची जागा. आणि इतिहास त्या जागेत असतो.

म्हणून एकच विनंती. उधाणानंतर किनाऱ्यावर किंवा शेतात असं काही दिसलं तर उचलू नका, उकरू नका. फोनमध्ये लोकेशन चालू करा. शेजारी चप्पल ठेवून एक जवळून फोटो, एक लांबून आजूबाजूचं दिसेल असा. मग पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना, मॅडमना दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. सातवीतल्या मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्हाला सांगितलंय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!