झडपेची निवड आणि कष्टाचे आयुष्य

हृदयाची झडप बदलावी लागेल असे कळले की घरात आधी शस्त्रक्रियेची चर्चा होते. मुंबईला जायचे की नाशिकला, खर्च किती येईल, रक्त कोण देईल, सोबत कोण थांबेल. कोणती झडप बसवायची हा प्रश्न बहुधा संमतिपत्रावर सही करण्याच्या वेळी निघतो आणि ‘डॉक्टर म्हणतील ती’ एवढ्यावर मिटतो. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. झडप मात्र पुढची कित्येक वर्षे शेतात, बाजारात, प्रवासात माणसाबरोबर असते. म्हणून हा विषय रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनीही समजून घ्यावा, असे मनापासून वाटते. त्यासाठी वैद्यकाचे शिक्षण लागत नाही. थोडा निवांतपणा आणि स्वतःच्या दिनक्रमाची नीट ओळख असली की पुरते.

श्रीमंत देशांत झडप बदलून घेणारा माणूस बहुधा सत्तरीच्या आसपासचा असतो. वयोमानाने महाधमनीच्या झडपेवर चुना साचतो आणि ती ताठरते. आपल्याकडे मात्र अजूनही मोठा वाटा ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचा आहे. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा धरतो, मागून सांधे सुजवणारा ताप येतो, तो विसरलाही जातो. आणि काही वर्षांनी हृदयाच्या डाव्या कप्प्यांमधली मायट्रल झडप आकसलेली किंवा गळकी झालेली आढळते. त्यामुळे आपला रुग्ण पुष्कळदा ऐन कामाच्या वयातला असतो. रावेर-यावलच्या केळीबागांत घड वाहणारा, साक्री-शिरपूरकडे कापूस वेचणारी, चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणारा, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालणारी. पाश्चात्त्य पुस्तकांतली ‘सक्रिय जीवनशैली’ म्हणजे बहुतेक वेळा पळणे, पोहणे, सायकल चालवणे. खान्देशातल्या वाचकांनी तिथे स्वतःची मजुरी, शेती आणि वारी वाचावी.

झडपा मुख्यतः दोन प्रकारच्या. धातू आणि कार्बनची यांत्रिक झडप अनेक दशके टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी जमू नये म्हणून वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोमसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून केलेल्या जैविक झडपेला सहसा जन्मभराची गोळी लागत नाही. मात्र ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि तरुण शरीरात आणखी लवकर. अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महाधमनीच्या झडपेसाठी पन्नाशीच्या आत सहसा यांत्रिक आणि पासष्टीनंतर जैविक झडप योग्य. मधल्या वयात रुग्णाशी बोलून ठरवावे. माळकरी किंवा जैन घरांत जैविक झडपेचे नाव निघताच मन अडखळू शकते. तो संकोच गिळू नका, शस्त्रक्रियेच्या आधीच बोलून दाखवा.

यांत्रिक झडपेच्या इतिहासातले एक पान आपण अभिमानाने वाचावे. परदेशी झडपेची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती, त्या काळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या अभियंत्यांनी भारतीय झडप घडवायला घेतली. आधीचे तीन आराखडे टाकून द्यावे लागले, चौथा टिकला. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथमच रुग्णाच्या हृदयात बसली. धातूच्या चौकटीत एका अंगाला कलून उघडणारी, चिवट प्लास्टिकची चकती, अशी तिची साधी रचना. पुढे टीटीके चित्रा या नावाने ती देशभरातल्या रुग्णांपर्यंत पोहोचली.

आता गोळीकडे वळू, कारण कष्टाच्या आयुष्याशी खरा संबंध तिचाच येतो. ती रक्त गोठणे मंदावते. किती मंदावले हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीत कळते: महाधमनीच्या यांत्रिक झडपेला हा आकडा साधारण २ ते ३, तर मायट्रलला २.५ ते ३.५ असावा लागतो. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. ज्याचा हात रोज विळ्या-कोयत्यावर असतो, ज्याला बैल हाताळावे लागतात, रात्री मोटारसायकलने गावी परतावे लागते, त्याने हे शस्त्रक्रियेआधीच बोलायला हवे. यांत्रिक झडप घेतली तर यात्रेतल्या फडावरची कुस्ती थांबवावी लागते. चालणे, सायकल आणि शेतीची बरीच कामे छातीची जखम भरून आल्यावर सल्ल्याने पुन्हा करता येतात. मेथी, पालक, चाकवत सोडायची गरज नाही, प्रमाण सारखे ठेवायचे. हिवाळ्यात रोज मेथी आणि उन्हाळ्यात अजिबात नाही, असे झाले की आकडा हलतो. अंग दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक आणू नये, दंडात वा कमरेत सुई टोचून घेण्याआधी गोळीविषयी सांगावे, दात काढण्यापूर्वीही. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना नियमित आयएनआर लागत नाही हे खरे, पण यांत्रिक झडपेला त्या चालत नाहीत.

तरुण स्त्रीसाठी ही निवड सर्वांत अवघड. वॉरफेरिन पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. मूल हवे असेल तर जैविक झडप घेऊन पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेची तयारी ठेवायची, की यांत्रिक झडपेबरोबर बाळंतपणातली कडक देखरेख स्वीकारायची, हे तिच्याशीच बोलून ठरले पाहिजे. सासर-माहेरच्या बैठकीत तिचे मत शेवटी विचारले जाऊ नये.

अंगमेहनतीत हृदयाला जास्त रक्त ढकलावे लागते. शरीराच्या मानाने झडप लहान पडली तर बसल्या जागी काही जाणवत नाही, पण चढावर किंवा ओझ्याखाली दम लागतो. म्हणून प्रकाराबरोबर मापाविषयीही विचारा.

वाचकांनी या विषयात कुठून शिरावे? झडपांच्या चित्रांपासून सुरुवात करू नये. आधी विचारावे, आहे तीच झडप दुरुस्त होईल का, किंवा फुग्याने उघडता येईल का. नाही म्हटले तर एका कागदावर आपला दिवस लिहावा: किती वाजता उठतो, काय उचलतो, हातात कोणती हत्यारे असतात, आयएनआर तपासायला किती लांब जावे लागेल आणि त्या दिवसाची मजुरी बुडेल का. खर्चाचा मार्गही त्याच वेळी शोधावा. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते, आणि झडप बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्यात बसते. शस्त्रक्रियेनंतरची गोळी आणि तपासणी यांचा खर्च मात्र वेगळा धरावा. तो कागद पहिल्याच भेटीत शल्यविशारदांपुढे ठेवावा आणि त्यांनी सुचवलेली झडप त्यातल्या प्रत्येक ओळीशी कशी जुळते, ते विचारावे.