खोकल्याचा वेग आणि श्वासाचा लगाम

क्षयाची तपासणी झाली, छातीचा फोटो स्वच्छ आला, तरी माझा कोरडा खोकला चार महिने हटेना. कुणी सुचवले म्हणून एका योगशिबिरात जोरजोरात भस्त्रिका केली, तर तो वाढलाच. श्वासाच्या अभ्यासाने खोकला जातो की येतो? हा प्रश्न घेऊन मी जुने ग्रंथ उघडले.

न अडवण्याजोग्या तेरा वेगांची यादी चरकाने दिली आहे. तीत खोकला नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तील तेरांत मात्र तो आहे. खोकला दाबला तर तो बळावतो, धाप आणि उचकी लागते, असे वाग्भट बजावतो.

पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने रचलेल्या 'हठप्रदीपिके'त उज्जायीला कंठातील कफदोष घालवणारी म्हटले आहे. भस्त्रिकाही त्रिदोषांवर सांगितली आहे. पण त्याच दुसऱ्या उपदेशात इशाराही आहे: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात, तसाच श्वास वश करावा, अयुक्त प्राणायामाने उचकी, दमा आणि खोकला होतो. औषध आणि अपथ्य एकाच प्रकरणात! शिबिरात मला पहिला भाग सांगितला गेला, दुसरा राहिला.

परंपरेचे दावे मोजून पाहण्याची वाट आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी 1924मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून घालून दिली. खोकल्यापुरती अशी मोजणी ऑस्ट्रेलियात झाली. ॲन व्हर्टिगन आणि सहकाऱ्यांनी 2006मध्ये 87 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. औषधांना दाद न देणारा खोकला असलेले हे रुग्ण. वाचा-उपचार घेतलेल्यांपैकी 88 टक्क्यांना गुण आला. केवळ आरोग्याचा सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांत 14 टक्क्यांना. घशाची काळजी घेण्याबरोबर या उपचारात घसा सैल ठेवून श्वास घेणे, ओठ किंचित मिटून हळू सोडणे, उबळ जाणवताच आवंढा गिळणे हे शिकवतात. यात जोर कुठेच नाही.

मग वाग्भट खोटा ठरला का? मला तसे वाटत नाही. उसळलेला वेग कोंडणे वेगळे आणि उबळ उठतानाच शांतवणे वेगळे. कफ सुटत असेल तर तो खोकून टाकावाच. आणि दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर आधी तपासणी, मग श्वास.

माझा खोकला पुरता गेलेला नाही. पण उबळ आली की आता मी छातीवर जोर देत नाही. घोटभर पाणी पितो आणि सावकाश श्वास सोडतो. वाघ अजून पिंजऱ्यात आहे, पण रात्री झोपू देतो.