जोडलेली कातडी जिवंत आहे, हे डॉक्टरांना कसं कळतं?

तोंडाच्या कर्करोगात गाठीसोबत कधी गालाचा, कधी जबड्याचा तुकडा काढावा लागतो. अपघातात नडगीवरचं मांस-कातडं निघून हाड उघडं पडतं. नुसत्या टाक्यांनी अशी जागा बुजत नाही. मग मांडी, हात किंवा पोटावरची कातडी, चरबी, गरज पडल्यास हाडसुद्धा, रक्तवाहिन्यांसकट उचलून तिथे बसवतात. या तुकड्याला 'फ्लॅप' म्हणतात. जळीत रुग्णांना लावतात ती पातळ कातडी म्हणजे ग्राफ्ट. तिला स्वतःची रक्तवाहिनी नसते. फ्लॅपचं सगळं आयुष्य त्या रक्तवाहिनीवर अवलंबून असतं.

येडेश्वरीचं येरमाळा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे, तेव्हा अपघात इथे नवे नाहीत. कर्करोगही नाही. जवळच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते आणि तिच्यात धाराशिव जिल्ह्यातले भूम व परंडा हे तालुकेही येतात.

फ्लॅपची जगप्रसिद्ध जुनी नोंद पुण्याची आहे. इंग्रज फौजेचा बैलगाडीवान कावसजी टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्यात एका विटा बनवणाऱ्या समाजातल्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक केलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली. भुवयांमधली कातडीची पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवसापर्यंत कापायची नाही, असं त्यात सांगितलं आहे. कारण रक्त तिथूनच येत होतं.

आज फ्लॅप पूर्ण सुटा करून दूर नेता येतो. दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. खरा धोका त्यानंतर असतो. जोडावर गुठळी झाली तर रक्त थांबतं, आणि असं बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतं. लगेच पुन्हा ऑपरेशन करून गुठळी काढली तर फ्लॅप वाचू शकतो. काही तास उलटले तर तो हातचा जातो, आणि रुग्णाच्या अंगावरची दुसरी जागा कापावी लागते.

म्हणून सुरुवातीला नर्स दर तासाला फ्लॅप बघते. धमनी बंद पडली तर तो फिका आणि थंड होतो, दाबून सोडल्यावर रंग उशिरा परततो. शीर तुंबली तर निळा-जांभळा होऊन फुगतो आणि रंग फारच पटकन परततो. सावळ्या कातडीवर हे बदल ओळखणं अवघड, रात्रीच्या मंद उजेडात तर आणखीच.

इथे ऑक्सिजन मोजणारं यंत्र कामी येतं. कातडीवर चिकटवलेला सेन्सर डोळ्यांना न दिसणारा अवरक्ताजवळचा प्रकाश आत सोडतो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. त्यावरून टक्केवारी निघते. बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरपेक्षा हे वेगळं. तो फक्त धमनीतलं रक्त मोजतो, हे यंत्र केशवाहिन्या आणि शिरांमधलंही मोजतं. त्यामुळे इथे ६० किंवा ७० आकडा दिसला तरी घाबरायचं कारण नाही.

पाहायचा असतो तो उतार. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०८ फ्लॅपच्या एका अभ्यासात दोन संकेत मांडले होते: आकडा ३० टक्क्यांवर किंवा त्याखाली येणं, आणि तासाला २० टक्के या वेगाने अर्ध्या तासाहून जास्त वेळ घसरत राहणं. अर्थात सेन्सर निसटला किंवा रक्तदाब पडला तरी आकडा खाली येतो. शिवाय सेन्सर महाग असल्याने अनेक ठिकाणी नर्सची नजर हाच मुख्य आधार आहे.

नातेवाइकांनाही काम असतं. रुग्ण फ्लॅपवर दाब देऊन झोपू नये. विडी-सिगारेट आणि तंबाखू पूर्ण बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. रंग बदलला, सूज वाढली किंवा पट्टी घट्ट वाटली तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी नर्सला सांगायचं.

शीर दुरुस्त होण्यासारखी नसेल तर काही रुग्णालयांत अजूनही वैद्यकीय जळवा लावतात. त्या तुंबलेलं रक्त ओढून घेतात आणि नव्या शिरा तयार होईपर्यंत फ्लॅप तगतो. जळवांच्या पोटातल्या जिवाणूंमुळे सोबत प्रतिजैविकं द्यावी लागतात.