चौतीस औंसांचा शिधा

प्रवासाला निघणाऱ्याच्या हाती शिदोरी देण्याची आपली रीत जुनी आहे. त्या शिदोरीतही एक हिशेब असतो. पहिल्या दिवशी दशम्या, नंतर भाकरी-चटणी आणि अगदी शेवटी सातूचे पीठ, म्हणजे जे लवकर नासेल ते आधी संपवावयाचे. सातूचा मोठा गुण असा, की त्याला चूल लागत नाही. गूळ आणि ओढ्याचे पाणी मिळाले म्हणजे भागते. पण जेथे ओढाच गोठलेला असतो तेथे हा हिशेब किती अवघड होतो, हे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांचा इतिहास वाचताना ध्यानात येते.

या मोहिमांचे मुख्य अन्न म्हणजे पेमिकन. हा शब्द उत्तर अमेरिकेतील क्री लोकांचा असून त्याचे मूळ चरबी या अर्थाच्या शब्दात आहे. गव्याचे मांस उन्हात वाळवून कुटावयाचे, त्यात जवळजवळ तितकीच वितळलेली चरबी घालावयाची, क्वचित रानफळे मिसळावयाची आणि ते चामड्याच्या पिशव्यांत भरून ठेवावयाचे. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या या अन्नावर कॅनडातील कातड्यांचा सारा व्यापार चालत असे. ८ जानेवारी १८१४ रोजी रेड रिव्हर वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅकडोनेल याने पेमिकन वसाहतीबाहेर नेण्यास बंदी घातली. त्यातून पेटलेला कलह १८१६ मध्ये सेव्हन ओक्स येथील रक्तपातापर्यंत गेला. एका खाद्यपदार्थावरून इतके व्हावे याचे नवल वाटावयास नको. धान्याची कोठारे ज्याच्या ताब्यात, मुलूख त्याचा, हे आपल्या किल्लेदारांनाही ठाऊक होते.

ब्रिटिश नौदलाचा कप्तान रॉबर्ट स्कॉट १९१० साली दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हा गाड्या माणसांनीच ओढावयाच्या हे बव्हंशी ठरलेले होते. साहजिकच प्रत्येक औंसाचा विचार करणे भाग होते. हा विचार कागदावर राहिला नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जून १९११ च्या अखेरीस, ऐन ध्रुवीय रात्रीत, विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरर्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले. पाच आठवड्यांच्या या प्रवासात उष्णतामान एकदा उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. तशा स्थितीत या तिघांनी स्वतःच्या पोटावर एक प्रयोग चालविला होता. रोजचा शिधा प्रत्येकी ३२ औंसच, पण त्यातील प्रमाण वेगळे. एकाने बिस्किटे जास्त घ्यावयाची, दुसऱ्याने लोणी, तिसऱ्याने पेमिकन. विल्सनला आपल्या वाटणीचे सगळे लोणी खाववेना, तर बिस्किटे खाणारा चेरी-गॅरर्ड स्निग्ध पदार्थासाठी कासावीस झाला. अखेर दोघांनी अदलाबदल केली. बॉवर्स मात्र आपल्या पेमिकनवर खूश होता.

या अनुभवावरून ध्रुवाच्या पठारासाठी प्रत्येकी रोजचा शिधा ठरला तो असा : बिस्किटे १६ औंस, पेमिकन १२, साखर ३, लोणी २, आणि चहा व कोको मिळून दीड औंसाच्या आतच. एकूण चौतीस औंसांहून किंचित अधिक, म्हणजे आपल्या मापाने एक किलोला थोडे कमी. पेमिकन गरम पाण्यात कालवून त्यात बिस्किटाचा चुरा घालीत. या दाट कढणाला ते ‘हूश’ म्हणत. त्या काळच्या ज्ञानाच्या मानाने हा शिधा विचारपूर्वक बेतलेला होता. त्यातून सुमारे ४५०० कॅलरी मिळत. परंतु बर्फावरून गाडी ओढणाऱ्यास सहा हजार किंवा त्याहूनही अधिक लागतात असे पुढे अभ्यासकांनी दाखविले. शिवाय त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नव्हते. त्याचा शोध लागावयास अजून दोन दशके अवकाश होता.

नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचला. त्याने कुत्र्यांच्या गाड्या नेल्या, वाटेत त्यांतील चोवीस मारून त्यांचे ताजे मांस माणसांना व उरलेल्या कुत्र्यांना खाऊ घातले, आणि परतताना पेमिकनचा शिधा कमी करण्याऐवजी वाढविला. आपल्या मनाला हे रुचत नाही, तरी शिध्याचा हिशेब म्हणून तो चोख होता हे कबूल केले पाहिजे.

स्कॉटचा शिधा चौघांच्या तुकडीच्या मापाने बांधलेला होता. जानेवारी १९१२ च्या आरंभी त्याने ऐनवेळी पाचवा माणूस सोबत घेतला. सरकारी नोकरीत वाटपाची कोष्टके जन्मभर तपासलेल्या माझ्यासारख्याला येथे थबकावेसे वाटते. पाकिटे फोडून नव्याने वाटणी करणे आले, स्वयंपाकाचा वेळ वाढला, आणि त्याबरोबर तेलही. वाळवलेल्या अन्नातून पाण्याचे ओझे वाचते खरे. पण ते पाणी बर्फ वितळवून परत मिळवावे लागते, म्हणजे वाचलेले वजन काही अंशी तेलाच्या रूपाने वाहावेच लागते. परतीच्या वाटेवर साठ्यांतील डबे उघडले तेव्हा तेल कमी भरले. झाकणांच्या चामडी चकत्यांमधून ते निसटले होते.

धिप्पाड एडगर इव्हान्सलाही इतरांएवढाच शिधा मिळे. १७ फेब्रुवारीला सर्वांत आधी तोच गेला. महिन्याभराने ओट्स वादळात तंबूबाहेर निघून गेला. उरलेले तिघे मोठ्या साठ्यापासून ११ मैलांवर अडकले, तेव्हा त्यांच्याजवळ दोन दिवसांचे अन्न आणि ते एकदाच गरम करण्यापुरते इंधन होते.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला तो तंबू सापडला. गाडीवर सुमारे ३५ पौंड दगड होते. औंसाऔंसाने शिधा तोलणाऱ्या त्या माणसांनी ते शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात, त्याच वनस्पतीचे.