आयबी डिप्लोमा : घ्यावा की न घ्यावा?

आपल्यापैकी अनेकांची मुले आता आठवी-नववीत पोचली आहेत. हायस्कूलकडून माहितीपत्रक येते, मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी सांगते, "आमची मुलगी आयबीला आहे," आणि घरी चर्चा सुरू होते. दहावी-बारावीच्या बोर्डातून आलेल्या आपल्या पिढीला हा प्रकार नवा. म्हणून अमेरिकेतील पालकांसाठी ही थोडक्यात माहिती.

आयबी म्हणजे काय?

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. तिचा डिप्लोमा अकरावी-बारावीचा, दोन वर्षांचा. विषय सहा : शाळेची मुख्य भाषा व साहित्य, दुसरी भाषा, इतिहास-अर्थशास्त्रासारखा एक विषय, विज्ञान, गणित आणि कला. कलेऐवजी दुसरा विज्ञान विषय घेता येतो. तीन किंवा चार विषय हायर लेव्हलला (सुमारे २४० तास), बाकीचे स्टँडर्ड लेव्हलला (सुमारे १५० तास). प्रत्येक विषयाला ७ गुण. 'थिअरी ऑफ नॉलेज' आणि ४,००० शब्दांचा 'एक्स्टेंडेड एसे' यांचे मिळून ३. असे एकूण ४५. डिप्लोमासाठी किमान २४ गुण लागतात, शिवाय काही अटी असतात. कला, खेळ आणि सेवा यांचा 'कॅस' हा भाग पुरा न केल्यास डिप्लोमा मिळत नाही. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवणे हेही सेवेत धरले जाऊ शकते. मात्र शाळेच्या कोऑर्डिनेटरला आधी विचारावे.

फायदे

- मुलांना लिहिण्याची आणि स्वतः शोध घेण्याची सवय लागते. कॉलेजातल्या पहिल्या मोठ्या पेपरला ती घाबरत नाहीत.
- ब्रिटनमधील विद्यापीठे आयबीच्या गुणांवर प्रवेश देतात. भारतात हा डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा मानला जातो.
- टेक्सासमधील सरकारी विद्यापीठांना डिप्लोमाधारकास किमान २४ सेमिस्टर अवर्सचे क्रेडिट द्यावे लागते, मात्र प्रत्येक विषयात ४ किंवा अधिक गुण हवेत.

तोटे

- बारावीच्या पहिल्या सहामाहीत एसे, विषयांचे प्रकल्प आणि कॉलेजचे अर्ज एकदमच अंगावर येतात. झोप, तबल्याचा क्लास, टेनिस यांपैकी काहीतरी सुटते.
- अनेक कॉलेजे फक्त हायर लेव्हललाच क्रेडिट देतात. एपीमध्ये हवे तेवढेच विषय, एकेक करून घेता येतात.
- भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र तिन्ही हवे असतील तर सहा विषयांत ते सहसा बसत नाहीत.
- नोकरीमुळे अकरावीनंतर गाव बदलावे लागले आणि नव्या शाळेत आयबी नसेल, तर डिप्लोमा अर्धवट राहतो. व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी याचा जरूर विचार करावा.
- भारतात इंजिनिअरिंग वा मेडिकलला जायचे असेल तर जेईई किंवा नीटसारखी प्रवेश परीक्षा सहसा वेगळी द्यावी लागते. विषयही त्यानुसारच निवडावे लागतात.

मधला मार्ग

पुष्कळ पालकांना ठाऊक नसते, पण पूर्ण डिप्लोमा न घेता आयबीचे एक-दोनच विषय घेण्याची सोय बऱ्याच शाळांत असते.

शाळेला काय विचारावे?

मागच्या वर्षी किती मुलांनी सुरुवात केली आणि किती जणांना डिप्लोमा मिळाला? गणिताचा 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस' हा कोर्स हायर लेव्हलला आहे का? (इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना तो उपयोगी.) परीक्षेची फी शाळा भरते की पालक? मध्येच सोडल्यास ट्रान्सक्रिप्टवर काय दिसते?

शेवटी एकच सांगावेसे वाटते. ज्या मुलाला वाचन-लेखनाची आवड आहे, सगळ्या विषयांत थोडा तरी रस आहे, त्याला आयबी मानवते. केवळ क्रेडिटसाठी किंवा शेजाऱ्यांची मुलगी करते म्हणून घेतला, तर दोन वर्षे घरात नुसती ओढाताण होते. अर्जावर सही करण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलांबरोबर बसा आणि त्यांना काय वाटते ते आधी ऐकून घ्या. अभ्यास त्यांनाच करायचा आहे!